फरशीवरची नदी

१ जुलै, सोमवार

"अय्या, तू इसानची का गं?" दिवसभर हेच! लिफ्टमध्ये हेच, कॉफीच्या यंत्रापाशी हेच. नाही हो, मी इसानची नाही. इसान तुमच्या थायलंडातलं, बोली तेवढी आमच्यासारखी. मी मेकाँगच्या पलीकडची, लाओसची. तो दुसरा देश आहे. तिथून यायला मला पासपोर्टवर शिक्का मारून घ्यावा लागला. हे सगळं मनात. तोंडाने म्हटलं, "नाही ताई, सवन्नाखेतची," आणि हसले.

"तेच गं ते!" कुंगताई म्हणाली.

कुंगताई इथली मुख्य. बँकॉकमध्ये सगळ्यांना टोपणनावं असतात, तिचं कुंग, म्हणजे कोळंबी. पन्नाशीच्या बाईला सगळं ऑफिस कोळंबी म्हणतं आणि त्याचं कुणाला हसू येत नाही. हसू येतं माझ्या बोलण्याचं!

"बोल ना काहीतरी तुमच्यातलं!" मी उभी राहिले. नाव सांगितलं, विद्यापीठ सांगितलं, जाहिरात कशी बनते ते शिकायला दोन महिने आले आहे, संधी दिल्याबद्दल आभारी आहे. अगदी शुद्ध लाओमध्ये. आमच्या कुलगुरूंसमोर बोलले तेच. सगळे पोट धरून हसले. "कसलं गोड!" "पुन्हा बोल, पुन्हा बोल!" एकाने फोन काढून मला टिपलंसुद्धा.

मनीवन हे नाव म्हणे लांब पडतं. म्हणून सर्वानुमते माझं नाव ठरलं – लाओ. "आमची लाओ कुठाय?" हे संध्याकाळपर्यंत रुळलंही.

२ जुलै, मंगळवार

झेरॉक्स. कॉफी. हसणे.

४ जुलै, गुरुवार

यांना वाटतं मी इथे येऊन थाई शिकतेय! "किती छान समजतं गं तुला!" अहो, मी तुमच्या टीव्हीसमोर रांगले. आमच्या गावात नदीपलीकडचं चित्र आमच्या स्वतःच्या वाहिनीपेक्षा स्वच्छ दिसतं. मी आमची अक्षरं शाळेत शिकले, पण त्याआधी तुमची अक्षरं शाम्पूच्या बाटलीवर वाचत होते. मालिका संपली की बाकीचे पाणी प्यायला उठायचे, मी जाहिराती बघायला बसायचे. एवढ्याशा वेळात हसवायचं, रडवायचं आणि साबण विकायचा! कोण करत असेल हे, कुठे बसत असतील, असं वाटायचं. ते लोक म्हणजे हेच. आमच्या अख्ख्या वर्गातून मला एकटीला इथे घेतलं तेव्हा मी नाचले होते.

जेवणाच्या सुट्टीत डब्यातला चिकट भात हाताने मुटका करून खाल्ला. दोघीतिघी जणी बघत राहिल्या. मग त्यांतली एक म्हणाली, "आमच्याकडची कामवाली अगदी असंच खाते." चांगल्या मनाने म्हणाली. तेच तर!

८ जुलै, सोमवार

आज शेवटी मला खऱ्या कामाच्या बैठकीत बसू दिलं. फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात. लिहिलीय तोंगने. तोंग इथला लेखक, तिशीचा, बारीक चष्मा, कपडे नेहमी इस्त्रीचे. त्याने उभं राहून वाचून दाखवली.

एक श्रीमंत घर. फरशी आरशासारखी चकचकीत. मोलकरीण बाजारातून येते, दारातच थबकते. तिला वाटतं, समोर मेकाँग आहे! डोक्यावर टोपली, कमरेला नेसलेलं सिन गुडघ्याच्या वर खोचते, आणि फरशीवरून पाणी तुडवल्यासारखी एकेक पाय उचलत चालते. आणि ओरडते, "आवं बाईसाब! नदी घरात कवा घुसली वं? म्या सिन वर खोचू का पवू?"

मालकीण हसते. औषधाची बाटली.

सगळे हसले. सिन म्हणजे काय हे यांना ठाऊक आहे का? सिन आम्ही विद्यापीठात नेसून जातो. सिन नेसल्याशिवाय आमच्या सरकारी कचेरीत बाईला आत घेत नाहीत! आणि ही भाषा – या भाषेत आमचे राष्ट्राध्यक्ष भाषण करतात, आमचे भंते प्रवचन देतात. इथे या भाषेत कोण बोलतं, तर मोलकरीण. नाहीतर दारुडा. तिसरं कुणी मी यांच्या टीव्हीवर पाहिलेलं नाही.

हे मी बोलणार होते. शपथ, बोलणार होते. तेवढ्यात कुंगताई माझ्याकडे वळली. "गिऱ्हाइकाला ऐकवायला कच्चा आवाज लागेल. नटी बोलावली तर खर्च. आपली लाओ आहे की! बाळा, तुझी काही हरकत नाही ना?"

टेबलाभोवती सगळे. सगळे माझ्याहून मोठे. मी हसले.

ते हसू नकाराचं होतं. मोठ्या माणसाला चारचौघांत नाही म्हणता येत नाही, म्हणून माणूस तसं हसतो – ओठ मिटून, मान खाली. आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखेल. आणि इथे? इथे तर जास्तच ओळखतात! हे स्वतः दिवसभर एकमेकांना असंच हसून नाही म्हणतात. कुंगताईने बरोबर ओळखलं. ओळखून म्हणाली, "गुणाची पोर!"

९ जुलै, मंगळवार

स्टुडिओ. काचेपलीकडे कुंगताई, तोंग आणि यंत्रावर बसणारा माणूस. मी वाक्य म्हटलं.

"छान! पण जरा लाओ वाटू दे."

मी लाओच आहे, ताई.

"हो गं, पण टीव्हीवर असते ना, तशी लाओ. आणखी गावठी. नाकातून बोल. शेवट लांबव."

पुन्हा म्हटलं. "अंहं. तू फार शिकलेली वाटतेस." मग तोंगने माइकवरून मला ते वाक्य म्हणून दाखवलं. मला, लाओ कसं बोलायचं ते! आणि काय म्हटलं त्याने – एकेक सूर जागच्या जागी. मी चकित. बँकॉकच्या माणसाला हे सूर येतात कुठून?

शेवटी चिडून, संतापून मी केकाटले. घसा फाटेल अशी, नाकातून, बेअक्कल. काचेपलीकडे तिघेही टाळ्या वाजवत होते.

नुसता कच्चा आवाज आहे. गिऱ्हाइकाला ऐकवून पुसून टाकतात. नुसता कच्चा.

१२ जुलै, शुक्रवार

पुसणार नाहीत! गिऱ्हाइकाला म्हणे फार आवडला. "अस्सल आहे, हीच पोरगी घ्या." हाच आवाज टीव्हीवर जाणार. थोडी मोठी जाहिरात करायची म्हणून नीट पुन्हा एकदा म्हणायचं, एवढंच.

कुंगताईने सगळ्यांसाठी केक मागवला. वर लिहिलं होतं – अभिनंदन लाओ. मी केक कापला. कापला! मी हातात सुरी धरून हसत केक कापला आणि पहिला तुकडा वाकून तिलाच दिला. मलाच एक थोबाडीत मारावीशी वाटते.

सवन्नाखेतमध्ये संध्याकाळी प्रत्येक घरात हीच वाहिनी लागते. माझे सर बघतील. माझ्या मैत्रिणी बघतील. आमच्या गल्लीतली पोरं सिन वर खोचून फरशीवर चालून दाखवतील आणि म्हणतील, मनीवनताई, मनीवनताई.

१४ जुलै, रविवार

आईला सांगितलं. वाटलं होतं, ती माझ्याहून जास्त भडकेल. आमची आई म्हणजे भाजीवाल्याशी पानाच्या जुडीवरून भांडणारी बाई!

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणून टाक की. जीभ का झिजतेय?"

"आई! ते हसतात!"

"हसू दे. हसतील नि विसरतील. माणूस हसलं की त्याच्या हातून काम करून घेता येतंय बघ. तू तुझा शेरा पदरात पाडून घे आणि घरी ये."

कुंगताईच्या शेऱ्याशिवाय मला पदवी नाही, ते खरं. पण आईने असं म्हणावं? मी खूप बोलले. तिच्यामुळेच आम्ही असे, वाकणारे, म्हणाले. मी लहान असताना ती चार वर्षं बँकॉकलाच होती, शर्टांच्या कारखान्यात. ते काढलं. "तू खाली मान घालून बटणं लावलीस आई, यंत्रासमोर बसून. तुला काय ठाऊक, चार माणसांसमोर उभं राहून सोंग काढायचं म्हणजे काय असतं ते!"

 

"जेवलीस का?" तिने विचारलं.

मी फोन ठेवून दिला.

१५ जुलै, सोमवार

ऐका! जेवणानंतर जिन्याच्या बाजूच्या गच्चीवर गेले. तिथे कोपऱ्यात तोंग, पाठमोरा, फोनवर. "व्हय आये, जेवलो. नको, भात पाठवू नको. इथं कुणी खात न्हाई." आमचंच बोलणं! माझ्या आजोळचं म्हणून खपेल असं.

वळला. मला पाहिलं. चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

मी लाओत विचारलं, "गाव कोणतं, दादा?"

"बँकॉक," तो थाईत म्हणाला.

"आता आईशी बोलत होतास."

"मी बँकॉकचा आहे."

मग मात्र माझा ताबा सुटला. म्हटलं, लाज नाही वाटत? तुझी आई ही जाहिरात बघणार नाही का? नदीची चेष्टा, सिनची चेष्टा. तुझी आई काय नेसते?

तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, पण थाईतच, "तू ऑगस्ट संपला की परत जाशील. मला इथंच राहायचंय. मी आलो तेव्हा मलाही 'बोल ना काहीतरी' म्हणायचे. आता मी दुसऱ्यांना बोलायला लावतो. मला कुणी म्हणत नाही."

"ही काय बढती झाली?"

"हो," तो म्हणाला. "हीच बढती."

दारापाशी थांबून म्हणाला, "कुणाला सांगू नकोस हं, बाळा."

मी सांगणार नाही. पण त्याच्यावर दया म्हणून नाही! त्याची दया मला मुळीच येत नाही.

१६ जुलै, मंगळवार

आषाढ पौर्णिमा. ऑफिस बंद. उद्यापासून वर्षावास, भंते तीन महिने विहार सोडणार नाहीत. गल्लीच्या टोकाच्या विहारात जाऊन मेणबत्ती लावली, फुलं घेऊन प्रदक्षिणा घातल्या. राग जाऊ दे म्हणायला गेले होते. म्हटलंच नाही. राग गेला तर माझ्याकडे उरतं काय?

आईचा फोन नाही. मीही केला नाही.

१८ जुलै, गुरुवार

कुंगताईला एकटीला गाठलं. आंबे नेले होते. वाकून नमस्कार केला, आणि रात्रभर घोकलेलं सगळं म्हटलं – ताई, मी लहान आहे, चुकलं तर रागवा, पण तो आवाज काढता आला तर. माझे घरचे लोक बघतील. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही.

तिने माझा हात हातात घेतला. इतकी माया! "अगं बाळा, आम्ही हसतो ते प्रेमाने हसतो. तुम्ही लाओ लोक किती साधे, किती निर्मळ! आम्ही बँकॉकवाले बिघडलेलो. तुमचं बोलणं ऐकलं की बरं वाटतं बघ."

म्हटलं, पण ताई...

"आणि तुला विचारलं होतं की मी! सगळ्यांसमोर विचारलं. तू हसलीस."

ती पण हसत होती. मग माझा हात थोपटून म्हणाली, "तुझ्या शेऱ्यात मी काय लिहिणार आहे माहितीये? मिळून मिसळून वागते. हे सगळ्यात महत्त्वाचं असतं, आमच्या धंद्यात. सोमवारी घसा नीट ठेव हं. गार पाणी पिऊ नको."

आंबे ठेवून घेतले.

१९ जुलै, शुक्रवार

नाही म्हणता येत नाही. हो म्हणवत नाही. निघून गेले तर शेरा गेला, वर्ष गेलं. राहिले तर आवाज गेला. मिळून मिसळून म्हणे! मीठ मिसळतं, विरघळून जातं, मग कुणी त्याला मीठ म्हणत नाही, रस्सा चांगला झालाय म्हणतात.

२२ जुलै, सोमवार

नीट लिहिते.

सकाळी सिन नेसून गेले. कोरं, किनारीचं, पदवीदानासाठी ठेवलेलं. "अगंबाई, आज अगदी भूमिकेत शिरूनच आलीस!" कुंगताई म्हणाली. स्टुडिओत गिऱ्हाइकाकडच्या दोन बायकाही आल्या होत्या, अस्सल पोरगी बघायला.

रेकॉर्डिंगचा दिवा लागला. मी वाक्य म्हटलं. पण कसं? आमच्या व्हिएन्तियानच्या आठच्या बातम्यांत निवेदिका बोलते ना – पाठ ताठ, शब्द सुटे, आवाज खालच्या पट्टीत – तसं. "बाईसाहेब. नदी घरात केव्हा शिरली? मी सिन वर खोचू, की पोहू?" जणू पुराचं वृत्त!

काचेपलीकडे कुणी हसलं नाही. कुंगताई म्हणाली, "मजेशीर बाळा, मजेशीर."

"हो ताई." हसले. पुन्हा म्हटलं. पुराचं वृत्त.

"मागच्यासारखं गं!"

"हो ताई. माफ करा ताई." वाकले. हसले. पुन्हा पुराचं वृत्त. बळींचा आकडा तेवढा सांगायचा राहिला!

एकदाही नाही म्हटलं नाही मी. एकदाही आवाज चढवला नाही. प्रत्येक वेळी हो ताई, प्रत्येक वेळी हसू, प्रत्येक वेळी शुद्ध, स्वच्छ, सरकारी लाओ. हे तर यांनीच मला शिकवलं! हसत हसत पाहिजे ते करायचं. यंत्रावरचा माणूस घाम पुसत होता. गिऱ्हाइकाकडच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. त्यांतली मोठी हळूच म्हणाली, "हे ऐकून हसू नाही येत हो. उलट कसंतरीच वाटतंय." तोंग जमिनीकडे बघत होता.

शेवटी कुंगताई आत आली. माझ्या कानावरचे हेडफोन स्वतःच्या हाताने काढले, हलकेच. ओठांवर हसू तसंच. "दमलीस बाळा. जा घरी."

रस्त्याने सिन नेसून चालत घरी आले. बस घेतलीच नाही. वाटेत एका पोराने "ए इसान!" म्हणून हाक मारली. त्याला वळून अशी शिवी दिली, अस्सल सवन्नाखेतची, की तो सायकलवरून उतरला.

२३ जुलै, मंगळवार

मला जुनी कपाटं आवरायला दिली आहेत. कुणी लाओ म्हणून हाक मारत नाही. कुणी कसलीच हाक मारत नाही. झकास!

२६ जुलै, शुक्रवार

जिंकले म्हणे मी! आवाज काढला माझा. त्याऐवजी टीव्हीवरची एक विनोदी नटी आणली. पक्की बँकॉकची, आयुष्यात मेकाँग पाहिली नसेल. पहिल्याच झटक्यात केकाटली. सगळे खुर्चीवरून पडायच्या बेतात. "हे बघा! हे अस्सल!"

फरशी तीच. नदी तीच. सिन तेवढंच वर. फक्त आवाज माझा नाही. काय मिळवलं मी? माझं तोंड काळं व्हायचं वाचलं, बाकी सगळ्यांचं झालं.

तोंग कपाटांपाशी येऊन उभा राहिला. इकडे तिकडे बघून घेतलं, आणि पहिल्यांदा, अगदी पुटपुटत, लाओत म्हणाला, "बातमी लई झ्याक दिलीस." आणि गेला. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याच्या पाठीवर एक फाईल फेकून मारणार होते.

माझा शेरा कुंगताईने महिनाभर आधीच लिहून टाकला आहे – मिळून मिसळून वागण्यात सुधारणेस वाव. पण पास आहे.

२८ जुलै, रविवार

आईला फोन केला. आधी माफी मागितली, बटणांबद्दल जे बोलले त्याची. मग सगळं सांगितलं – सिन, पुराचं वृत्त, घाम पुसणारा माणूस. फुगून सांगितलं. म्हटलं, एकदा तरी कुणीतरी यांना हसू येऊ नये असं करून दाखवायला हवं होतं ना?

"बरं केलंस," आई म्हणाली. मग म्हणाली, "कारखाना नव्हता गं तो."

एका घरी कामाला होती ती. चारही वर्षं. पाहुणे आले की बाई तिला हाक मारायच्या – ये गं, जरा तुमच्यातलं बोलून दाखव. पाहुणे हसले की बाई खूश. खूश असल्या की रविवारी घरातला फोन तिच्या हातात द्यायच्या, माझ्याशी बोलायला.

तो रविवारचा फोन! गल्लीतला एकमेव फोन बर्फवाल्याकडे, मी त्याच्या दुकानात सकाळपासून जाऊन बसायचे.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "काय बोलायचीस तू त्यांच्यासमोर?"

"आता नको."

"सांग ना."

आईने घसा खाकरला. आणि बोलून दाखवलं. नाकातून, शेवट लांबवून – विजेच्या इस्त्रीला घाबरणारी, बाईसाबांच्या कुत्र्याला नमस्कार करणारी मोलकरीण. आणि मी हसले! देवा, मी हसले. थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

माझं हसू ओसरेपर्यंत ती थांबली.

"बघ," म्हणाली. "सगळेच हसायचे."